आधी ‘सब ठीक’

भोयरकाकांच्या फ्लॅटमध्ये आता एक नवं जोडपं भाड्याने राहतं. चांगली माणसं आहेत. बेल एकदा वाजवतात आणि दार उघडेपर्यंत शांत उभी राहतात. मला मात्र त्या शांततेचाच त्रास होतो. वरच्या मजल्यावरचा माणूस बेल दाबून धरतो आणि दार उघडल्याशिवाय सोडत नाही, अशी माझी इतक्या वर्षांची समजूत होती. काकांना थांबणं हा प्रकारच जमत नसे. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ते गॅसपाशी, लिफ्ट यायच्या आधी जिन्यात आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आधी उत्तरात. बसले तरी एक गुडघा हलत असायचा. त्यांची बायको नलूकाकू म्हणायच्या, "यायले लग्नात बी भटजीनं दोनदा धरून बसवलं होतं."

काकांचं सगळं आयुष्य हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात गेलं. कामगार म्हणून लागले आणि शिफ्ट इन्चार्ज होऊन निवृत्त झाले. मशीनच्या वर आवाज काढायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. नागपुरात त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या इमारतीत त्यांनी गॅलरीतून भाजीवाल्याला वांग्यांचा भाव विचारला की मागच्या गल्लीतल्या लोकांनाही आज भोयरांकडे काय शिजणार ते कळत असे. असा माणूस व्हॉट्सॲपवर आल्यावर काय होणार, ही भीती इमारतीत सगळ्यांनाच होती. पण झालं ते वेगळंच. ग्रुपवर त्यांचे निरोप यायचे ते असे: "सब ठीक. पाण्याची मोटर जळाली." "सब ठीक. लिफ्टमध्ये कोनीतरी अडकलं, आवाज देऊन राहिलं." एकदा तर, "सब ठीक. पार्किंगमध्ये साप आहे."

सापाच्या निरोपानंतर कोणीतरी लिहिलं, "काका, यात ठीक काय आहे?" काकांनी ग्रुपवर उत्तर दिलं नाही. ते थेट त्या माणसाच्या दारात गेले. आवाज माझ्या घरापर्यंत आला.

"कोनी मेलं का गा? नाही ना? मंग ठीकच आहे. आधी तेवढं वाचाचं, बाकीचं मागून."

आम्ही त्यांची खूप चेष्टा केली. पोरं वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा "सब ठीक" म्हणून सुरू करायला लागली. पण ही सवय कुठून आली ते मला माहीत होतं, कारण त्या दुपारी मी स्वतः त्यात सापडलो होतो.

काकांची एकुलती मुलगी रश्मी नर्स आहे आणि कॅनडात कॅलगरीला एका हॉस्पिटलात काम करते. तिकडची तिची पहिलीच थंडी होती. एका दुपारी काकांनी तिला निरोप पाठवला, "रश्मी, लवकर फोन कर." एवढाच. मग फोन चार्जिंगला लावला आणि पिशवी घेऊन खाली उतरले. नलूकाकू भिशीला गेलेल्या. आपल्या दुपारी तिकडे रात्र असते. रश्मी झोपेतून उठली, निरोप वाचला आणि फोन लावत बसली. वरती रिकाम्या घरात फोन वाजतोय आणि तिकडे पोरगी एकटी. शेवटी तिने मला लावला. मी आयटी पार्कातल्या ऑफिसात होतो. "दादा, घरी जाऊन पाहा ना. कोणी उचलून नाही राहिलं," एवढंच तिला बोलता आलं. स्कूटर किती जोरात चालवली, मला आठवत नाही. वाटेत मी नको नको ते सगळं पाहिलं. आणि घराजवळ आलो तर काका संत्र्यांच्या गाडीपाशी उभे, एक फोड तोंडात, "आंबट आहे बापा तुहा माल," असं म्हणत.

मी त्यांच्या हातात माझा फोन दिला. रश्मी तोवर झोपेच्या कपड्यांवर कोट चढवून, पासपोर्ट पर्समध्ये टाकून, खाली गाडीपर्यंत आली होती. काकांना विचारायचं काय होतं? तिने पाठवलेल्या मिक्सरचं झाकण उघडत नव्हतं.

रश्मी ओरडली नाही. नुसती रडली. ते काकांना फार लागलं. संध्याकाळी ते माझ्याकडे येऊन बसले, गुडघा हलत नव्हता. म्हणाले, "अमोल, जुन्या काळी तार आली की बाया वाचाच्या आधीच रडाले लागत. मी पोरीले तार धाडली गा. मिक्सरच्या झाकणापायी."

दुसऱ्या दिवसापासून ‘सब ठीक’ सुरू झालं. झोपेत एक डोळा उघडून स्क्रीन पाहिली तरी पोरीला पहिले दोन शब्द दिसावेत आणि तिने कूस बदलून पुन्हा झोपावं, हा हिशोब. आणि तेही शक्यतो तिच्या रात्री पाठवायचंच नाही.

यातलं अर्धं शहाणपण त्यांना कारखान्याने दिलं होतं. लग्नानंतरची काही वर्षं ते वाडीला भाड्याच्या खोलीत राहत. ओळीने खोल्या, प्रत्येक खोलीत कुठल्या ना कुठल्या शिफ्टचा माणूस. रात्रपाळीहून आलेला माणूस झोपायच्या आधी दाराच्या कडीवर टॉवेल टाकायचा. टॉवेल दिसला की पोरं गोट्या उचलून पलीकडे जायची, बाया नळावर भांडी हळू ठेवायच्या, आणि पाव्हणा आला तर त्याला शेजारच्या खोलीत बसवून चहा पाजला जायचा. झोपलेल्याला उठवणाऱ्याला साऱ्या ओळीच्या शिव्या बसत. जगातल्या कुठल्याही गोष्टीसाठी न थांबणारा हा माणूस झोपलेल्या माणसासाठी मात्र थांबायचा.

अडचण अशी होती की काकांच्या आयुष्यात जे काही घडे ते दुपारीच घडे. दुपारी कुरिअरवाला येई, दुपारी बँकेतल्या बाईशी वाद होई, दुपारी टीव्हीवर काहीतरी भयंकर दिसे. आणि सांगायची ती तर झोपलेली. मग काकांची जी काय तगमग सुरू व्हायची! गॅलरीतून हॉलमध्ये, हॉलमधून जिन्यात, जिन्यातून माझ्याकडे. हल्ली मी पुष्कळदा घरून काम करतो, त्यामुळे मी हक्काचा. उन्हाळ्यात कूलरसमोर उभे राहून, अंगात बनियन, हातात फोन, ते रश्मीला सांगायची गोष्ट आधी मला सांगत. मग पहिल्या मजल्यावर. मग इस्त्रीवाल्याला. संध्याकाळी रश्मीची सकाळ उजाडून फोन येईपर्यंत ती गोष्ट इतक्यांदा सांगून झालेली असे की काकांचाच तिच्यातला रस संपलेला. मग ते म्हणत, "माहं काही नाही वं. तू सांग." आणि नलूकाकू आतून ओरडत, "दिवसभर घर डोक्यावर घेतलं होतं, अन् आता म्हनते काही नाही!"

माझ्या नोकरीवर काकांचा राग होता. माझे वरिष्ठ अमेरिकेत. एका रविवारी सकाळी आम्ही दोघं चौकातल्या गाडीवर तर्री-पोहे खात होतो आणि माझा फोन वाजला. साहेबांचा निरोप होता.

"काय म्हनते?" काकांनी विचारलं.

"हाय म्हणतात."

"मंग?"

"मग काही नाही. नुसतं हाय."

मी फोनकडे बघत राहिलो. पुढचं काही येईना. काय चुकलं असेल, कोणतं काम बिघडलं असेल, नोकरी गेली की काय, सगळं मनात येऊन गेलं. प्लेटमधली तर्री गार झाली. काका माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा लाल होत चालला होता.

"हा मानूस दार ठोकून पळाला का बे? त्याच्या घरी आता रात्र ना? मंग त्याले झोप नाही अन् तुले पोहे नाही. काय मिळालं दोघायले? लिही त्याले. काय काम आहे ते पुरं सांगा, अन् घाई आहे की नाही ते आधी सांगा."

मी घाबरत, बरीच साखर घालून, तेच लिहिलं. खरंच सांगतो, साहेबांनी वाईट मानलं नाही. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला ‘घाई नाही’ असं असतं. काकांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की साहेबांना संत्र्याच्या बर्फीचा डबा पाठवायला निघाले होते.

एवढं सगळं असूनही उठवावं की झोपू द्यावं, याबद्दल काकांच्या मनात एक काटा होता. तो त्यांनी मला एकदाच दाखवला. सकाळी फिरायला गेलो होतो. नेहमीप्रमाणे ते पुढे आणि मी धापा टाकत मागे. मध्येच ते थांबले. काका थांबले म्हणजे काहीतरी झालं, म्हणून मी घाबरलो.

त्यांच्या हाताखाली वासुदेव नावाचा एक कामगार होता. एकदा तो लागोपाठ दोन पाळ्या करून खोलीवर जाऊन झोपला आणि मागून कारखान्यात फोन आला की गावाकडे त्याचे वडील वारले. फोन काकांनी घेतला. त्यांनी विचार केला, पोरगं दोन पाळ्या करून झोपलं आहे, आता उठवून काय, बस तर इतक्यात नाही. त्याला झोपू दिलं. तोवर त्याची रजा मंजूर करून घेतली, कंपनीची जीप मागितली, खर्चायला पैसे दिले, आणि सगळी तयारी झाल्यावर जाऊन दार वाजवलं. वासुदेव तोंड धुऊन जीपमध्ये काकांशेजारी बसला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "साहेब, तुमाले कधी समजलं?" काकांनी खरं ते सांगितलं. वासुदेव रागावला नाही. फक्त म्हणाला, "तेवढा वेळ माहा होता, साहेब."

"मी त्याचं भलंच पाहिलं होतं ना गा?" काकांनी मला विचारलं. मी म्हटलं, हो. "मंग तो तसा काहून बोलला?" काका माझ्या उत्तरासाठी थांबले नाहीत. ते पुन्हा झपाझप पुढे निघून गेले.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी नलूकाकू देवापाशी बसल्या होत्या, त्या तिथेच कलंडल्या. मेंदूत रक्तस्राव. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सकाळ होती, म्हणजे रश्मी जागी होती, त्यामुळे काकांनी सरळ फोन लावला. तिकडच्या दुसऱ्या संध्याकाळचं विमान तिला मिळालं. मध्ये फ्रँकफर्टला बदलायचं, मग दिल्ली, मग नागपूर.

तोपर्यंत तिला कळवत राहायचं होतं. आणि इथे काका अडले. ‘सब ठीक’ लिहिता येईना, कारण ठीक नव्हतं. ते न लिहिता निरोप पाठवावा तर ते दोन शब्द नाहीत हे पाहूनच पोरगी हाय खाणार. आयसीयूच्या बाहेर ते फोन घेऊन येरझाऱ्या घालत होते, टाइप करत होते, पुसत होते. शेवटी त्यांनी स्वतःच नवी सुरुवात शोधली. "आई आहे." मग पुढे बाकीचं: डॉक्टर काय म्हणाले, कुठलं औषध लावलं. दर वेळी आधी ‘आई आहे.’ मी त्यांच्या शेजारी बसून ते वाचत होतो आणि मला त्या माणसाबद्दल फार प्रेम वाटत होतं.

रश्मीचं विमान कॅलगरीहून निघाल्यावर, आपल्या दुपारी, नलूकाकू गेल्या.

रश्मी तेव्हा समुद्रावर होती. तिला काही कळणं शक्य नव्हतं. पण फ्रँकफर्टला ती उतरणार, फोन चालू करणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काकूंचे भाऊ, रश्मीचे मामा, काटोलहून आले होते. त्यांनी सांगून टाकलं, "भाऊजी, आता काही कळवू नका. तब्येत नाजूक आहे म्हना. घरी आल्यावर समजनच." सगळ्यांनी माना हलवल्या. आपल्याकडे असंच करतात. प्रवासातल्या माणसाला सांगत नाहीत. मलाही तेच बरं वाटत होतं.

काका कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. नर्स एकदा म्हणाली, बसा ना काका. ते ऐकायला आलंच नाही. मग फोन वाजला. रश्मीचा निरोप होता.

"उतरली. आई आहे ना?"

काका माझ्याकडे आले. फोन माझ्यासमोर धरला. "काय लिहू गा पहिलं?" त्यांचा आवाज मी कधी इतका बारीक ऐकला नव्हता. "एकटी आहे ती तिथं. परक्या मुलखात, खुर्चीवर. आता सांगितलं तं पुढचं सारं विमान अनोळखी मानसायत बसून रडन. अन् नाही सांगितलं तं..." ते थांबले. "तं तितका वेळ मी तिचा घेतला."

मामा पुढे होऊन म्हणाले, "भाऊजी, दोन अक्षरं लिहा, ‘आई आहे’, झालं."

"ते मी खरं होतं तवा लिहिलं होतं," काका म्हणाले. "आता खोटं लिहिलं तं मंग माह्या कोन्याच निरोपावर तिनं काहून झोपाचं?"

आणि त्यांनी लिहिलं. मी पाहत होतो. "रश्मी, आई दुपारी गेली. त्रास नाही झाला. तू येवस्तोवर आम्ही थांबतो. फोन चालू ठेव, मी करतो." पाठवलं आणि लगेच फोन लावला.

त्या फोनवर बोलणं असं झालंच नाही. पलीकडून विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या आणि मध्ये रश्मीचं रडणं. काका अधूनमधून एवढंच म्हणत, "पानी पी. बसून घे. गेट कोनतं आहे पाह्य." मामा रागाने बाहेर निघून गेले. हॉस्पिटलची माणसं कागद घेऊन आली, काकांनी फोन कानाला लावलेला ठेवून सह्या केल्या. नातेवाईक भेटायला येत, गळ्यात पडायला बघत. काका एका हाताने त्यांना थांबवत. रश्मी विमानात जाऊन बसेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. नंतर मात्र ते जिन्यात बसून रडले, आणि मोठ्याने रडले, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असे.

यानंतर काका इथे आणखी महिनाभर होते. मग रश्मीबरोबर कॅलगरीला गेले. त्या दिवसांत आमची भेट रोज होत होती, पण मला ते आठवतात ते काकू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचे. मी त्यांना गाडीत घालून विमानतळावर घेऊन गेलो होतो. दिल्लीचं विमान उतरलं होतं. काका आगमनाच्या दारासमोर इकडून तिकडे चालत होते, लोकांच्या सामानाला धडकत होते, माफी मागायचंही त्यांच्या लक्षात येत नव्हतं. काल सांगितलं ते चुकलं की बरोबर, हे त्यांनी रात्रीपासून मला कितीदा तरी विचारलं होतं. मी प्रत्येक वेळी बरोबर म्हणालो होतो आणि त्यांना ते एकदाही पटलं नव्हतं.

रश्मी बाहेर आली. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. काका पुढे गेले नाहीत. होते तिथेच उभे राहिले, जणू ती काय म्हणते ते आधी ऐकायचं होतं. ती आली, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी ट्रॉली धरून बाजूला झालो, पण ऐकू येत होतं.

"बाबा, सांगितलं ते बरं केलं," ती म्हणाली. काकांनी डोळे मिटले. मग ती म्हणाली, "पण आई गेली तेव्हा मी झोपून होती. पहिल्या विमानात जेवण दिलं अन् मले झोप लागली. ती इकडे जाऊन राहिली होती अन् मी झोपून होती, बाबा. मले काही जाणवलं सुद्धा नाही."

समोरच्याचं वाक्य संपायच्या आत बोलणाऱ्या काकांना या वेळी बोलायला खूप वेळ लागला.

"तिले माहीत होतं वं."

"काय माहीत होतं?"

"सकाळून थोडी शुद्ध आली होती. डावा हात चालत होता. तिनं खांद्यावरून वेणी दाखवली हातानं. म्हनजे तू. कुठं आहे, असं. मी तिच्या कानात ओरडून सांगितलं, पोरगी विमानात बसली, येऊन राहिली, आता झोपली असन बिचारी. तं तिनं माह्याकडं पाहिलं, अन् असं केलं."

काकांनी हात उचलला आणि ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मग त्यांना ते काढता आलं नाही.